एक नाव एकदाच

एका रविवारी सकाळी मी जपान, रशिया आणि वाघोली पुसून टाकलं. नवरा तेव्हा अंघोळीला गेला होता.

आमचे हे हौशी रेडिओवाले. वारज्याच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर यांची तार ताणलेली आहे (टॉवेल छान वाळतात). तिच्या जोरावर हे जगभर बोलतात. बोलतात काय, तर "ऐकू येतंय का?" समोरचा म्हणतो, येतंय. संपलं. एवढ्यासाठी सरकारी परवाना लागतो!

वर्षातून एकदा स्पर्धा असते, शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळी साडेपाच. शंभर बोलणी झाली की प्रशस्तिपत्र. वाघोलीच्या गोखल्यांकडे अशी तीन आहेत आणि भेटले की ते तिन्हींबद्दल सांगतात. यांच्याकडे एकही नाही. वय चौऱ्याहत्तर. "यंदा नाही तर राहिलंच," असं म्हणाले होते.

यांची नजर अधू, म्हणून संगणकावर नोंदी मी करते. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी अक्षरं नातीच्या पुस्तकातून शिकले. त्या मंडळींची नावं गाडीच्या नंबरासारखी असतात. नाव टाकलं की वेळ यंत्र लिहितं आणि कोपऱ्यात बेरीज करतं. चुकलेली नोंद कशी पुसायची, तेही यांनी शिकवलं होतं. शनिवारी एक नाव लाल झालं. हे म्हणाले, हा मघाशीच झालाय, दुसऱ्यांदा शून्य.

नियम मला पटला. सोसायटीच्या हळदीकुंकवाची यादी वीस वर्षं मीच करते. एक नाव दोनदा मला खपत नाही. (सी विंगच्या मंगल पवार लिफ्टमध्ये माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. असते एकेकीला मिजास.)

रविवारी सकाळी बेरीज एकशे आठ. हे शीळ घालत अंघोळीला गेले. मी यादी वरपासून बघितली. काय हा गोंधळ! एकच जपानी तीनदा, एक रशियन दोनदा, गोखले तर चारदा. लाल कोणीच नव्हतं. म्हटलं, यंत्राच्या नजरेतून सुटले असतील. बसले पुसायला. प्रत्येक नावाला यंत्र विचारायचं, नक्की का? माझ्या लग्नातही मला इतक्यांदा कोणी विचारलं नव्हतं.

हे बाहेर आले. कोपऱ्यात एकसष्ट.

"अगं, बाकीचे कुठे गेले?"

"दोनदा आलेले काढले."

हे टॉवेलवरच खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात समजावून सांगितलं की, रेडिओचे बँड वेगवेगळे असतात, गल्ल्या असतात तसे. तोच माणूस त्याच गल्लीत पुन्हा भेटला तर शून्य, पण दुसऱ्या गल्लीत भेटला तर नवा धरतात. पुसलेलं परत येईना. कागदावर कुठे उतरवलंय का, विचारलं. मी म्हटलं, कशाला, यंत्र आहे ना.

मग दिवसभर यांनी त्याच माणसांना पुन्हा हाका मारल्या. जो तो म्हणे, आपलं झालंय की, माझ्याकडे नोंद आहे. हे म्हणत, माझ्याकडची बायकोनं पुसली. दुपारपर्यंत अर्ध्या पृथ्वीला मी माहीत झाले होते. रशियनाने तर मला नमस्कार सांगितला.

साडेपाचला पाच मिनिटं उरली आणि आकडा नव्व्याण्णववर अडला. नुसती खरखर. यांनी चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात गोखल्यांचा आवाज आला.

"अहो, या बँडवर आपण सकाळीच बोललोय. मला शून्य मिळेल."

"मला शंभर होतील. सकाळचं आमच्या हिने पुसलं."



"वहिनींनी? मग घ्या लिहून. आणि त्यांना म्हणावं, आता उठा तिथून."

प्रशस्तिपत्र आलं, भिंतीवर लागलं. संक्रांत जवळ आली, तशी मी माझी वही काढली. सोसायटीच्या यादीवरून दरवर्षी नावं उतरवते, तीच. मंगल पवार दोनदा होत्या. एक ए विंग, एक सी विंग. दुसरीवर दर साली माझ्याच हातची रेघ, पट्टीने मारलेली.

वीस वर्षं मी ती रेघ मारत होते, आणि त्या वहीनं एकदाही विचारलं नाही, नक्की का?