पानाच्या मधोमध कोशिंबीर

रत्नागिरीत सारा जन्म काढून, घरामागच्या कातळात सुरुंग लावून स्वतःच्या हाताने हापूसची कलमं जगवून, आंब्याला मात्र घराचा उंबरा ओलांडू न देणारा माणूस ब्रह्मदेवाने आजवर एकच घडवला असेल, आणि तो सासरा म्हणून नेमका माझ्या वाट्याला आला. मी पडलो पुण्याचा. शाळेत पोरांना चित्रकला शिकवणारा, पगाराने बेताचा, पण खाण्याच्या बाबतीत कुणाला हार न जाणारा. रत्नागिरीची मुलगी सांगून आली तेव्हा मित्रमंडळींनी माझं अभिनंदन केलं ते मुलीपेक्षा आंब्यांबद्दलच जास्त. ‘आता काय बुवा, करंड्याच्या करंड्या येतील!’ असं जो तो म्हणायचा. करंड्या कसल्या आणि काय कसल्या! सासरेबुवांचे आंबे झाडावरून उतरले की परभारे बंदरावर जात आणि बोटीत चढून मुंबईला पोचत. एखादं फळ पिकून पिवळं झालंच, तर ते शेजारच्या गोठ्यात. आंबे उतरवून हा गृहस्थ घरी आला की आधी विहिरीवर जाऊन चिंचेने कोपरापर्यंत हात घासायचा, पंचा पिळायचा, पुन्हा हुंगून बघायचा आणि मगच घरात पाऊल टाकायचा. सोवळं पाळणारे खूप पाहिले, पण आंब्याचा विटाळ मानणारा हा पहिलाच.

ते कोर्टातले शिरस्तेदार. उंच, काटकुळे, पुढे किंचित वाकलेले. पेन्शनीत निघाले आणि त्यांनी सरळ स्वयंपाकघराचा ताबा घेतला. त्या काळी घरची बाईमाणसं धडधाकट असताना पुरुषाने चुलीपाशी पाट मांडणं म्हणजे आळीभर चर्चेचा विषय. पण ह्यांना त्याचं काही नाही. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ त्यांच्या लेखी जवळजवळ अफूच. ‘सगळं सत्त्व तो गिरणीवाला ठेवून घेतो, आणि आपल्याला तांदळाचा नुसता मुडदा विकतो हो!’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. घरचं भात स्वतः उखळात कांडत. टरफल सुटलं की मुसळ खाली, तांदूळ लालच राहिला पाहिजे. पानात मुख्य मान नाचणीच्या भाकरीचा, तिच्या जोडीला कुळथाचं पिठलं, नाहीतर टाकळ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी. तेल औषधाला वापरावं तसं. आणि कोशिंबीर! कोशिंबिरीसाठी त्यांना जगातली कुठलीच वस्तू वर्ज्य नव्हती. पडवळ, मुळा, कच्ची पपई, केळफूल, सगळं त्यांनी दह्यात बुडवून पाहिलं होतं. एकदा मी कलिंगड खाऊन टाकलेल्या फोडी दिसेनाशा झाल्या. गाईला गेल्या असतील म्हटलं, तर दुपारी सालीजवळचा पांढरा गर बारीक चिरून, वर ओलं खोबरं घालून माझ्याच पानात हजर! काकडी मात्र विळीवर कोचवायची, किसायची नाही, हा त्या घरातला कायदा. मी एकदा मदत म्हणून किसणी हातात घेतली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की कोर्टात आरोपींचं काय होत असेल त्याची कल्पना आली.

पण ह्या सगळ्यावर ताण म्हणजे त्यांनी पान वाढायची रीतच फिरवली होती. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हे डावीकडे चिमूटचिमूट, आणि मधोमध भाताची मूद. मुंजा मुलगासुद्धा हे जाणतो. ह्यांच्या घरी पानाच्या मधोमध कोशिंबिरीचा डोंगर, आणि डावीकडे चटणीच्या जागी भात! तोही निरांजनाएवढ्या वाटीने पाडलेला. नवखा पाहुणा त्या भाताला चटणी समजून बोटाने चाटायचा. शेजारी एक काकू राहायच्या, सासूबाईंची बालपणापासूनची मैत्रीण, तोंडाने महाफटकळ. माझी पहिली ओळख झाली तेव्हा मला नखशिखांत न्याहाळून त्या म्हणाल्या, “जावईबापू, पुण्याहून येताना शिदोरी आणलीत ना? तुमच्या सासऱ्यांच्या दारचा कावळासुद्धा रोडावलाय हो!”

मला ती थट्टा वाटली. मग आला माझा पहिला दिवाळसण. मुंबईहून बोटीने निघालो. वाटेत समुद्र असा काही खवळला की पोटातलं होतं नव्हतं ते त्याला अर्पण करून मी रत्नागिरीच्या बंदरात उतरलो तो रिकाम्या पोटाने आणि भरल्या मनाने. डोळ्यांपुढे श्रीखंड, करंज्या, चकल्या, अनारसे अशी वरात चालली होती. पहाटे अभ्यंगस्नान झालं. अंगणात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं आणि रीतीप्रमाणे ते कडू बी जिभेला लावलं. त्या अख्ख्या दिवसात चवदार म्हणावं असं मला तेवढंच मिळालं. पानाभोवती सुंदर महिरप काढली होती, उदबत्ती लावली होती, आणि मधोमध डोंगर. काकडीचा. सासरेबुवा स्वतः वाढायला उभे. “हे आधी संपवा हो, जावईबुवा. मग भाकरी. भात शेवटी, आठवणीपुरता!” मी आशेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. दाराआड सासूबाई उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. हसताहेत की काय अशा संशयाने माझं डोकं आणखीच भडकलं. गोड म्हणून पानात काय पडलं असेल? ताकातली नाचणीची आंबील! जावयाने दिवाळसणाला रुसायचं असतं हे शास्त्रच आहे, पण मी खराखुरा रुसलो. आंबील तशीच ठेवून उठलो, आणि संध्याकाळी बायकोला बजावलं, “उद्याच्या बोटीने मी चाललो. तुला यायचं तर ये. तुझ्या वडिलांनी मला जावई समजून बोलावलंय की बैल?”

सकाळी मी विहिरीवर तोंड धूत होतो, तेव्हा ती कळशी घेऊन आली. रहाटावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “अहो, आईला साखरेचा रोग आहे.”

मी तोंडावर पाणी मारायचा थांबलो. ती म्हणाली, “डॉक्टरांनी सांगितलंय, भात आणि गोड सुटलं तर दिवस काढील, नाहीतर कठीण आहे. आणि आईला गोडाचा केवढा सोस! आंबे पिकले की आमच्याकडे घावनं आणि आमरस, घावनं आणि आमरस. आम्ही पोरं कंटाळायचो, पण ही कंटाळायची नाही. डॉक्टर गेल्यावर ती बाबांना म्हणाली, एक वेळ मरेन, पण चारचौघींच्या पंक्तीत माझ्या एकटीच्या पानावर रोग्याचं वाढलेलं मला बघवणार नाही. सगळ्या विचारतील, हळहळतील, नकोच ते. दुसऱ्या दिवसापासून बाबा सगळ्यांच्याच पानात तेच वाढायला लागले. लोक त्यांना चक्रम म्हणतात. म्हणू देत. आईला कुणी आजारी म्हणत नाही ना?” मग कळशी कमरेवर घेऊन म्हणाली, “रागवायचं तर खुशाल रागवा. फक्त गोड मागू नका. जावयाने मागितलं तर बाबा नाही म्हणायचे नाहीत, करतील. आणि घरात पाक उकळला की त्याचा वास आईपर्यंत जाणार.”

अरे देवा! चिंचेने घासलेले ते हात माझ्या डोळ्यांपुढे आले. मला इतकं भरून आलं की तोंडावर आणखी दोनचार ओंजळी पाणी मारावं लागलं. बोटीचं नाव मी पुन्हा काढलं नाही. दुपारी पानावर बसलो आणि म्हटलं, “कोशिंबीर वाढा हो जरा. काल घाईत चव नीट कळली नाही.” सासरेबुवांनी आनंदाने इतकी वाढली की मलाच पान हातांनी झाकावंसं वाटलं. खरं सांगतो, कोवळी काकडी, सायीचं दही, वर दाण्यांचं कूट, इतकी गोड कोशिंबीर मी पुण्याला कधी खाल्ली नव्हती. आणि नाचणीची भाकरी चावून चावून खाल्ली की अंगात काय बळ येतं, ते मला तिथेच कळलं. पुढे दर सुट्टीत आम्ही रत्नागिरीला जायचो, आणि परत आलो की शाळेतले सहकारी म्हणायचे, ‘मास्तर, सासुरवाडी चांगली मानवलेली दिसते!’

ह्या माणसाचं खरं कर्तृत्व मी पाहिलं ते काकूंच्या नातवाच्या मुंजीत. आपल्याकडे आग्रह म्हणजे काय प्रकार असतो ते सांगायला नको. पाहुण्याने नको म्हटलं की यजमानाचा अपमान, आणि होय म्हटलं की पाहुण्याची धडगत नाही. मांडवात अलीकडे पुरुषांची पंगत, पलीकडे बायकांची. काकू जिलब्यांची परात घेऊन सासूबाईंपुढे ठाण मांडून उभ्या राहिल्या. “एक तरी घे गो! नाही म्हणालीस तर माझ्या गळ्याची शपथ आहे!” सासूबाईंचा चेहरा उतरला. सगळ्याजणी वळून बघायला लागल्या. आणि एवढ्यात आमच्या पंगतीत सासरेबुवा भर जेवणातून ताडकन उठून उभे राहिले! आपोष्णी घेतलेल्या पंक्तीतून मध्येच उठायचं म्हणजे केवढा अनर्थ! भटजींचा घास हातातच राहिला. सासरेबुवांनी हातातली जिलबी उंच धरली आणि कोर्टात हाळी द्यावी तशा आवाजात गर्जले, “मंडळी, हे काय खाताय? मैदा, तूप आणि साखर! हा सरळ मसणाचा रस्ता आहे हो, नुसता वळणावळणाने जातो!” झालं! काकूंनी परात दाणकन खाली ठेवली आणि पदर खोचून त्या पुरुषांच्या पंगतीत शिरल्या. “भाऊ, माझ्या नातवाच्या मुंजीत मसण काढता? काही जनाची नाही तर मनाची?” मांडवभर हशा, आरडाओरडा, भटजींची मध्यस्थी. सासरेबुवा पडेल ते ऐकून घेत उभे. मी मान वळवून पलीकडे पाहिलं. सासूबाई शांतपणे ताकात चिमूटभर भात कालवत होत्या. त्यांच्या पानाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

घरी जाताना सासरेबुवा एकटेच पुढे झपाझप चालले होते. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. सासूबाई माझ्याबरोबर मागे राहिल्या. मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना माहीत होतं. त्या हळूच म्हणाल्या, “ह्यांना चारचौघांत बोलायचं म्हणजे संकट वाटायचं हो पूर्वी. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा असा काही घाम फुटला, की माझं नावच विसरले. आणि आता बघा.” एवढं बोलून त्या हसल्या आणि डोळे पुसत चालू लागल्या.

डॉक्टरांनी दिले होते त्याहून कितीतरी जास्त उन्हाळे सासूबाईंनी पाहिले. प्रत्येक उन्हाळ्यात आंबे पिकले, बोटीत चढले आणि मुंबईला गेले. प्रत्येक उन्हाळ्यात विहिरीवर चिंचेने हात घासले गेले. शेवटी एका वैशाखात पायाला कुंपणाचं साधं खरचटल्याचं निमित्त झालं. जखम भरून आली नाही. दुखणं तेव्हा साऱ्या आळीला कळलं. काकू दिवसरात्र उशाशी बसून होत्या. आणि भरल्या कपाळाने सासूबाई गेल्या.

वर्षश्राद्धाला आम्ही रत्नागिरीला गेलो. गड्याने ट्रंक डोक्यावर घेतली, पायवाट चढलो, आणि बेड्याच्या फाटकातून अंगणात पाऊल टाकलं तर हापूसचा घमघमाट! मला वाटलं, शेजारून येत असेल. आत गेलो तर माजघरात, भर घरात, गवत पसरून आढी घातलेली, आणि तीत एकेक आंबा केशरासारखा. बायको दारातच थबकली. सासरेबुवा स्वयंपाकघरात बिडाच्या तव्यापाशी बसले होते. पांढऱ्या तांदळाचं पीठ भिजवलेलं. पहिलं घावन तव्याला चिकटलं, दुसरं फाटलं. मुलगी मदतीला पुढे झाली तर म्हणाले, “राहू दे गो. मला करू दे. तिला माझ्या हातचं घावन कधी मिळालं नाही.”

सासूबाई सवाष्ण गेल्या म्हणून रीतीप्रमाणे त्यांच्या जागी एक सवाष्ण जेवायला बोलवायची होती. काकूंनाच बोलावलं होतं. त्यांचं पान सासरेबुवांनी स्वतः वाढलं. डावीकडे मीठ, लिंबू, चिमूटभर कोशिंबीर, आणि मधोमध पांढऱ्या भाताची थोरली मूद. उजवीकडे जाळीदार घावनं आणि आमरसाची वाटी. त्या घरात सरळ वाढलेलं पान मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाकी आमच्या पानांवरही तसंच. सासरेबुवांच्या एकट्याच्या पानावर मात्र नेहमीसारखा मधोमध काकडीचा डोंगर होता. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. रसाचं पातेलं घेऊन ते काकूंच्या पानापुढून हलायलाच तयार नव्हते. वाटी रिकामी झाली की भरत, झाली की भरत. जन्मात ज्याने कुणाला गोडाचा आग्रह केला नाही, तो माणूस ओणवा होऊन आग्रह करत होता.

“भाऊ, पुरे हो आता,” काकू वाटीवर हात धरून म्हणाल्या, “नाही हो जात.”

“घ्या हो,” सासरेबुवा म्हणाले. “अजून एवढी घ्याच. आता तिला काही बाधायचं नाही.”

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि वाटीवरचा हात काढून घेतला.