अण्णांचं दुखणं आणि माझी गोपनीयता

गुपित कसं राखावं, याचं मी विद्यापीठात जाऊन रीतसर शिक्षण घेतलं आहे. नव्वदच्या सुमारास वैद्यकीय नीतिशास्त्राचा एक अर्धवेळ अभ्यासक्रम निघाला आणि मी नाव घातलं. (मी डॉक्टर नाही, नर्स नाही. नुसती चौकस आहे. सासूबाई यासाठी वेगळा शब्द वापरत.) आजाऱ्याबद्दल कोणी कोणाला काय सांगायचं, या प्रश्नाने मला झपाटलं होतं. खंत एकच, घरात कोणी आजारी पडत नव्हतं.

शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मनावर घेतलं. एका दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, मला ठाण्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल. इथे डोंबिवलीत नको. मूळव्याध झालीय. कोणाला कळता कामा नये, तुझ्या सासूलासुद्धा."

अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. निम्मी डोंबिवली त्यांना वाकून नमस्कार करायची. आपल्या बसण्याच्या जागेची गावभर चर्चा होणं त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. मी मात्र मनातून खूश. पहिली केस!

परतलो तर जिन्यात शेजारच्या कर्णिककाकू उभ्या. अण्णा औषधांची पुडी लपवत घाईघाईने वर सटकले.

"काय गं, काय झालंय अण्णांना?"

खोटं बोलायचं नाही आणि खरं फोडायचं नाही, असं आमचे प्रोफेसर बजावत. मी गंभीरपणे म्हणाले, "काकू, काही सांगता येत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "अगंबाई, इतकं?"

"खरंच, काहीच सांगता येत नाही."

आता, मराठीत हे वाक्य कोण बोलतं? आयसीयूतून मान खाली घालून बाहेर येणारा डॉक्टर! (पण आमचं पुस्तक इंग्रजी होतं, त्यात हे कुठून असणार?) सासूबाईंनी विचारलं, त्यांनाही मी तेच सांगितलं. त्या गुपचूप देवापाशी जाऊन बसल्या.

सकाळी दारावर येणारी हिराबाई कोळीण आली. "आता मासे बंद," अण्णा म्हणाले. जिन्यात कर्णिककाकूंकडून सगळं ऐकून आलेल्या हिराबाईने डोळ्यांना पदर लावला आणि मोठं पापलेट पुढे केलं. "खावा आण्णा. मनान काय ठेवू नका."

"सगळे एवढ्या प्रेमाने का वागतायत गं?" अण्णांनी मला विचारलं. गुपित सुरक्षित आहे, अशी मी खूण केली.

रविवारी माजिवड्याहून अण्णांचे धाकटे भाऊ बापूकाका सहकुटुंब आले. अण्णांचा हात धरून म्हणाले, "अण्णा, डॉक्टर किती दिवस म्हणाले?"

मीच फोडलं असं वाटून अण्णांनी माझ्याकडे जळजळीत पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आठ-दहा दिवस. मग सुटलो."

बापूकाकांनी हंबरडाच फोडला. त्यांची बायको पाणी आणायला धावली.

"अरे, रडतोस काय? आपल्या घराण्यातच आहे हे. उद्या तुलाही होईल."

बापूकाका दुप्पट रडायला लागले. सासूबाई रडतच पुढे आल्या. "मला न सांगताच जाणार होतात?"

"कुठे?"

"वर."

अण्णांना उलगडा झाला. बायकोचं रडणं त्यांना बघवेना. ते उठले आणि शाळेच्या प्रार्थनेला लावायचे त्या आवाजात म्हणाले, "मला मूळव्याध आहे. फक्त मूळव्याध."

समोरच्या बिल्डिंगमधलेही गॅलरीत आले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बापूकाकांनी नाक पुसलं आणि हळूच विचारलं, "अण्णा, तो डॉक्टर कुठे बसतो?"

गोपनीयतेच्या पेपरात मी वर्गात पहिली आले. अण्णा मात्र तेव्हापासून काही गुप्त असलं की थेट कर्णिककाकूंना सांगायचे. एकदा न राहवून मी कारण विचारलं.

"ती बोलून आजार वाढवते," अण्णा म्हणाले, "तू गप्प राहून माणूस मारतेस."