फौजीची कबुली

शेतातून गमबूट घालून येणारा माणूस दिसला की ते प्रकरण आजही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. तेव्हा मी कर्जत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप तोंडाला लावतो तोच एक गृहस्थ आला. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. म्हणाला, जागरूक नागरिक म्हणून आलोय. माझा अनुभव असा, की स्वतःला जागरूक म्हणवणारा बहुधा कुणाच्या तरी वाइटावर असतो. पण तक्रार ती तक्रार; ऐकून घ्यावीच लागते.

त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कडावच्या बांधावरून एक माणूस डोक्यावर भाताचा भारा घेऊन चालला होता. हा माजी सैनिक अपंगत्वाची पेन्शन खातो, आता ती वाढवून मागतोय, त्यासाठी पुन्हा मेडिकल बोर्डापुढे जाणार आहे आणि चालतोय बघा कसा, असं त्याचं म्हणणं. सरकारची फसवणूक आहे, गुन्हा दाखल करा. ओळख आहे का, असं विचारल्यावर म्हणाला, छे, तोंडओळखसुद्धा नाही. गावात कानावर आलं.

मी त्या माणसाला चौकशीला बोलावलं. गावात सगळे त्याला फौजीच म्हणत. शेतातून तसाच आला, पायांत गमबूट, मागे बायको. बस म्हटल्यावरही आधी सावधान उभा राहिला. बर्फातल्या चौकीवर त्याचे पाय गारठून अधू झाले होते, एवढं कागदांवरून कळत होतं. त्रास काय होतो, विचारलं. ठीक आहे साहेब, म्हणाला. चालताना? ठीक आहे. मागच्या बोर्डापुढेही हेच सांगितलं होतं, आणि म्हणूनच त्याच्या पदरात अपंगत्वाची टक्केवारी कमी पडली होती. मग आता अर्ज कशाला केलास, असं मी विचारलं.

"बायकोच्या हट्टापायी केला, साहेब. तुमी म्हनाल तर मागं घेतो. लबाड म्हनून घ्यायचं नाय मला."

बायको रडकुंडीला आली. पेन्शन वाढली तर शेतीला मजूर लावता येईल, नाहीतर हा माणूस चिखलातच मरेल, असं ती म्हणत होती. त्याने मात्र अर्ज मागे घेतल्याची सही करायला पेन हातात घेतलंसुद्धा.

तेवढ्यात आमच्या महिला शिपायाने फरशीकडे बोट दाखवलं. त्याच्या उजव्या बुटाखाली रक्त साचलं होतं. बूट काढायला तो तयार होईना. शेवटी बायकोने ओढून काढला. तळव्यातून खिळा आत घुसलेला, आणि त्या पायाला तीन बोटं नव्हती. फौजी आमच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला काही जाणवलंच नव्हतं.

"बोटं गेली ते घरात मला ठावं, गावात कुनाला नाय," बायको म्हणाली. "पन पाय पार मेलाय, ते मलाबी आज कळतंय."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, असंच अंगावर काढलंत तर पाय कापावा लागेल. मला त्या फौजीचा राग आला आणि त्याहून जास्त त्याच्याबद्दल आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी त्या जागरूक नागरिकाला पुन्हा बोलावलं. मी चौकशीत सहसा आवाज चढवत नाही. चहा मागवायचा, माणसाच्या होला हो द्यायचं आणि त्याला बोलू द्यायचं. मी म्हटलं, तुमचं बरोबर असेल, पण त्याच्या पायात काही दोष आहे म्हणे. तो हसला.

"तीन बोटं गेली म्हणून कुणी अपंग होतं का साहेब?"

मी कप खाली ठेवला. "बोटांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शिळफाट्याला त्याचा गाळा होता. माजी सैनिकांच्या पेन्शनची कामं करून देतो म्हणायचा आणि मिळेल त्यातला निम्मा वाटा मागायचा. फौजीने त्याला विश्वासाने पाय दाखवला होता, वाट्याचं ऐकून मात्र उठून गेला. फौजीला अद्दल घडली की बाकीचे मुकाट वाटा देतील, असा याचा हिशेब. पंचांसमक्ष गाळ्याची झडती घेतली, तेव्हा आणखी काही माजी सैनिकांची अडकवून ठेवलेली मूळ कागदपत्रं मिळाली. लढाईला न भ्यालेली ही माणसं चारचौघांत हसं होईल म्हणून गप्प बसली होती. मी एकेकाला बोलावून जबाब घेतला आणि दोषारोपपत्र भक्कम केलं.

फौजीचं कोडं तरीही सुटलं नव्हतं. बोर्डापुढे गेलो की तोंडातून "ठीक आहे"च निघतं, म्हणाला. मी त्याला विचारलं, चौकीवरून शत्रूची खबर कधी खोटी दिलीत का? तो चिडला. मग पायाची खबर खोटी का देता, म्हटलं. खरी द्यायची, हा माझा हुकूम समजा.

पुढचं मला त्याच्या बायकोने ठाण्यात येऊन सांगितलं. बोर्डाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "आहे साहेब. पाय कळत नाय."

वाढ मंजूर झाली. पुढच्या लावणीला त्यांच्या खाचरात मजूर होते आणि फौजी बांधावर बसून त्यांच्यावर ओरडत होता, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

लबाडाकडून खरं काढून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सरळ माणसाकडून त्याचं दुखणं वदवून घेणं त्याहून अवघड असतं, हे मी या प्रकरणात शिकलो. सेवेत मी कितीतरी जणांकडून कबुली मिळवली. त्यातली अभिमानाने सांगावी अशी ही एकच, आणि ती देणारा आरोपी नव्हता.