पुठ्ठ्याचा घोडा

बसमध्ये चढणारा प्रत्येक जण विलासला सलाम करायचा, आणि विलास हॅटच्या कडेला बोट लावून तो स्वीकारायचा. या आखाती शहरातल्या अल मुंतझाहून आम्हा इंजिनिअरांना रास लफानच्या गॅस प्रकल्पावर नेणारा हा लातूरकडचा ड्रायव्हर, काउबॉयची हॅट घातल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावत नसे. त्या बसमध्ये मराठी आम्ही दोघंच, म्हणून इतरांची मॅडम असलेली मी त्याची ताई झाले.

शुक्रवारी तो वाळवंटात मोबाइलवर व्हिडिओ करायचा. काउबॉय स्वतः. घोडा म्हणजे त्याचा खोलीतला सोबती सोपान. तो फुटबॉलच्या विश्वचषकासाठी उभ्या राहणाऱ्या स्टेडियमवर परांच्या बांधायचा आणि सुट्टीच्या दिवशी एसीच्या खोक्यातून कापलेलं घोड्याचं तोंड चढवायचा. बंदूक कुठेच नसे. मी विचारलं तर म्हणाला, "मारामारी कशाला? काउबॉयला रडता येत न्हाई बगा, ताई. म्हनून तर घोडा लागतो, गळ्यात पडायला."

एकदा बस सुटण्याआधी त्यानं मला नवा व्हिडिओ दाखवला. काउबॉय घोड्याचं तोंड उतरवतो, सोपानचा घाम गमछ्यानं पुसतो, आणि मग हात त्याच्या गालावरून निघतच नाही.

"लई लांबलंय का?"

"नाही. सोपानला दाखवलंस?"

"मराठी मंडळाच्या गणपतीत लावनार हाय. समद्यांसंगं बगंल. एकट्यात सांगायची छाती न्हाई माजी."

मंडळाच्या गणपतीत निवेदक म्हणाला, "आता जरा हसू या." आमच्या लोकांना एवढं पुरतं. हॉल पहिल्यापासूनच हसत सुटला. तो हात गालावर थांबला तेव्हा शिट्ट्या आल्या, आणि सोपानच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सोप्या, नवरा गावला की रं!" सोपान सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि उठून गेला. मला त्या हॉलमधल्या एकेकाचा संताप आला.

त्याच आठवड्यात सोपाननं खोली बदलली. फोनही घेईना. विलास बोडक्या डोक्यानं बस चालवू लागला. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, "खलास, ताई."

स्टेडियम उभं राहिलं, रस्त्यांवर देशोदेशीचे झेंडे लागले, आणि परांचीवाल्यांना गावी धाडायला सुरुवात झाली. सोपानही गावी परतल्याचं विलासला दुसऱ्यांकडून कळलं.

नंतर त्यानं मला एकच व्हिडिओ पाठवला. तीच वाळू. घोड्याचं तोंड या वेळी त्यानं स्वतः चढवलेलं, मान खाली. वाऱ्यानं पुठ्ठ्याचा कान हलत होता. आता काउबॉय येईल म्हणून मी बघत राहिले. शेवटपर्यंत कुणी आलं नाही.