पॉलिशचा एक हात

जहाजांच्या नमुन्यांना रंग देण्यात रंगारीबुवांची एकतीस वर्षं गेली. लांबलचक गारठलेली शेड, तिच्यात पाण्याचा हौद, वर दोन बोटं जाडीचा बर्फ आणि तो फोडत जाणारं माणसाच्या दुप्पट लांबीचं लाकडी जहाज. ध्रुवावर संशोधनाला जाणारं खरं जहाज बांधण्याआधी नमुना बर्फात घालायचा, किती जोर लागतो ते मोजायचं आणि त्यावरून इंजिन ठरवायचं, अशी तिथली रीत.

बुवांचा रंग मुद्दाम खरबरीत असे. खऱ्या जहाजाचं अंग बर्फाला जेवढं घासतं, तेवढंच नमुन्याचंही घासायला हवं. पण हे घरी कोण समजून घेणार? नमुन्याचा फोटो पाहून जावई म्हणाला, "बाबा, रंग द्यायचा राहिलाय वाटतं?" सगळे हसले. बुवाही हसले, पण ते मनाला लागलं.

निवृत्तीआधीचा शेवटचा नमुना आला. रंग पुरेसा खरबरीत आहे ना, हे बघायला त्याच रंगाची फळी बर्फावर ओढून तपासली गेली, पास झाली. मग एका दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून बुवांनी नमुन्याला पॉलिशचा एक हात दिला. एका हातानं काय होतंय, असं वाटलं. फोटो जावयाला पाठवला. "आता कसं!" असं उत्तर आलं.

चाचणीत नमुना बर्फातून सरसरत गेला. चाचणीच्या प्रमुख मॅडम आकडे बघून खूश झाल्या. "अंदाजापेक्षा बराच कमी जोर लागला. इंजिन लहान चालेल."

"बुवा, जाता जाता नाव काढलंत," नमुने घडवणारा सुतार म्हणाला.

बुवांचा चेहरा उतरला. लहान इंजिनाचं जहाज, आत माणसं आणि चहूकडे न फुटणारा बर्फ.

घरी ते अर्ध्या ताटावरून उठले. बायकोनं खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

"मग सांगून टाका की त्यांना."

"हसतील गं. एकतीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही."

"एकदा हसू देत. आम्ही रोज हसतोच की तुम्हाला."

सकाळी मॅडम अहवाल लिहीत होत्या. बुवा दारातच उभे राहिले. "मॅडम, नमुन्याला मी पॉलिश मारलंय. फळी तपासून झाल्यावर."

"कशासाठी?"

"चांगला दिसावा म्हणून."

मॅडम हसल्या नाहीत. ते बुवांना जास्त जड गेलं. "अहवाल आज जाणार होता, बुवा," एवढंच त्या म्हणाल्या. मग अहवाल बाजूला सारत, "घासून काढायला किती दिवस?"

"दोन."

बुवांनी स्वतःच्या हातानं सगळी चकाकी घासून काढली. पुन्हा रंग, पुन्हा फळी, पुन्हा बर्फ. या वेळी नमुना अडखळत, कुरकुरत गेला. जोर जवळजवळ दीडपट लागला. लहान इंजिनाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मॅडमनी अहवालाचा कागद बुवांपुढे सरकवला. "पहिली चाचणी का रद्द झाली ते लिहिलंय. बघून घ्या."

'रंगाऱ्याच्या चुकीमुळे', असं लिहिलं होतं. नाव नव्हतं. बुवांनी दोनदा वाचलं.

"बाकी बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "फक्त 'चुकीमुळे' नको. कळत असून केलं होतं मी."

मॅडमनी तो शब्द खोडला. त्याच्या जागी काय लिहावं, ते मात्र त्यांना बराच वेळ सुचेना.