हिरवं सोबत नेणारा जीव

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. वाक्य कसं पेटवायचं ते मी त्यांतूनच शिकले. त्यामुळे नंदुरबारच्या कॉलेजात मॅडमनी ती बाटली दाखवली तेव्हा मला तिच्यातही घोषणाच दिसली.

बाटलीत प्रवाळावर वाढणारा सी स्क्विर्ट होता. पाणी आत ओढून, गाळून, पुन्हा बाहेर सोडणारा प्राणी. पांढराफटक, बुळबुळीत तुकडा.

"जिवंतपणी हा हिरवा असतो," मॅडम म्हणाल्या. "पण तो रंग त्याचा नाही. अंगात सूक्ष्म जीव राहतात, उन्हावर अन्न बनवतात, यालाही देतात. पिल्लू आईपासून सुटताना त्यांतले थोडे अंगाला चिकटवून नेतं. जरासं पोहतं, खडकाला डोकं टेकवतं, शेपूट जिरवतं. मग तिथंच."

शेजारी माझी मैत्रीण होती. तिचं डोंगरातलं गाव धरणात गेलेलं. घर आता अक्कलकुव्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत. मी तिच्या कानात अहिराणीत म्हटलं, "देख, हाई आपलीच गोष्ट शे! पत्रक काढू."

"आपली? तुमच्या रनाळ्यात कधी पाणी शिरलं गं?" एवढं बोलून तिने मॅडमना विचारलं, "पिल्लाला हिरवं नेता आलं नाही तर?"

"या जातीचं पिल्लू मग जगत नाही."

मैत्रिणीच्या आईने गाव सोडताना गाठोड्यात मोहाचं बी आणलं होतं. ते जुनं झालं की उगवत नाही, आणि प्लॉट मिळेपर्यंत जुनं झालं. आईला दाराशी एक मोह हवा होता. बाकी काही मागितलं नव्हतं तिने.

उन्हाळा सरताना आम्ही दोघी जीपने डोंगरातल्या मोलगीला गेलो. मैत्रिणीच्या मावशीकडून ताजं बी ओल्या फडक्यात बांधून आणलं. रोपं आली. आई त्यांच्याशी पावरी बोलीत बोलत बसायची.

"माझ्याशी इतकं कधी बोलली नाही," मैत्रीण हसायची.

मग पावसाने झोडपलं. वसाहत खोलगटात बसवलेली, चर कुणी काढलेच नाहीत. ही जागा ठरवणाऱ्यांना श्रावणात इथं आणून उभं करायला हवं होतं. काळ्या मातीत पाणी तुंबून राहिलं आणि रोपं मुळाशी कुजली.

"पुन्हा आणू बी," मी म्हटलं.

"हे तुंबलेलं पाणी आधी ने," आई म्हणाली.

"काढ आता तुझं पत्रक," मैत्रीण म्हणाली. मी कागद घेतला. सुचलेली प्रत्येक ओळ आमच्या घरच्या गठ्ठ्यात आधीच छापलेली होती.

आईने बी बांधलेलं फडकं धुतलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं.