रस्त्यांच्या खबरा

म्हापशाच्या बसस्टँडवरचे कंट्रोलर प्रत्येक कंडक्टरला दटावत, "तू आयलोस त्याच रस्त्याचं सांग रे, ऐकीव नको!" मग ती खबर जशीच्या तशी सगळ्यांना ओरडून सांगत. वाट ज्याची त्याने ठरवायची.

माझ्या तोंडी परीक्षेच्या सकाळी त्यांनी पणजीच्या रस्त्यावर झाड पडल्याचं सांगितलं. आमच्या ड्रायव्हरने बस डिचोलीवरून काढली, म्हणून मी फोंड्याला वेळेत पोचलो.

परीक्षकांनी कॉम्प्युटर नेटवर्कमधलं लिंक-स्टेट राउटिंग विचारलं. मी म्हटलं, "प्रत्येक राउटर फक्त आपल्या जोडण्यांची स्थिती सगळ्यांना कळवतो. त्यातून प्रत्येकाकडे सारखाच नकाशा तयार होतो आणि जवळची वाट तो स्वतः शोधतो."

पास झाल्यावर कंट्रोलरना पेढा दिला आणि म्हटलं, "उत्तर तुमचंच होतं. नेटवर्कमधली मशीनंही फक्त आपल्याच रस्त्याची खबर देतात, ऐकीव नाही."

ते हसले. "मशीनं ऐकतात मरे? मग ह्या कंडक्टरांक शिकय बाबा!"